बारशाच्या आधी डबा थंड झालाच पाहिजे

आमच्या वायफायचा डबा तापतो ही बातमी मला माझ्याच घरात बसून कळली नाही. ती शेजारच्या पुंडलिकरावांनी कंपाउंडच्या भिंतीवरून सांगितली. "ढुमणे सर, तुमचं वायफाय दुपारचं झोपते काहून?" त्यांच्या आवाजात अशी जरब होती, की मी शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा मान खाली घालून "पाहतो जी" म्हणालो. घरात आल्यावर लक्षात आलं, वायफाय माझं आहे. बिल मी भरतो. पुंडलिकरावांचा संबंध इतकाच, की गल्लीत फायबर सगळ्यांत आधी आमच्याकडे आलं आणि त्या आनंदात मी पासवर्ड विरजणासारखा घरोघर वाटला. विरजण मागायला निदान लोक वाटी तरी घेऊन येतात.

डब्याला हात लावला आणि झटकन काढून घेतला. मे महिना, पारा सेहेचाळीसवर, आणि डबा बैठकीच्या पश्चिमेच्या भिंतीवर खिळ्याला अडकवलेला. दुपारी ती भिंत आतूनसुद्धा हात लावू देत नाही. डबा दहा मिनिटं चाले, मग त्याचा दिवा लाल होई, आणि मग तो चूपचाप बंद पडे. निवला की पुन्हा दहा मिनिटं. एरवी मी त्याला त्याच्या नशिबावर सोडून दिलं असतं. पांढरकवड्यात मे महिन्यात माणसंसुद्धा दहा मिनिटंच चालतात. पण रविवारी दुपारी चार वाजता बारसं होतं. बाळ डबलिनला आणि आत्या केळापूरला, असा तो घोळ होता.

नयन माझा धाकटा भाऊ. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर त्याला मुलगी झाली. आत्या म्हणजे आमची थोरली बहीण शकुबाई, आमची आक्का. तिचा नवरा लग्नानंतर तीन वर्षांत गेला, मूलबाळ नाही, आणि आई गेल्यावर नयनला तिनंच वाढवला. केळापूरला ती एकटी कपाशी-तुरीचं वावर सांभाळते. आमच्यात बाळाचं नाव आत्या ठेवते, आणि बाळाच्या कानात सांगेपर्यंत ते कोणाला कळू देत नाही. माझ्या सुरभीचं नाव तिनंच ठेवलं, चुलतभावांच्या सहा पोरांचीही तिनंच ठेवली. नयननं मला बजावलं होतं, "दादा, सोमवारी इथं नोंदणीची मुदत संपते. रविवारी आक्काचं नाव नाही भेटलं तर आम्ही आमचं टाकू. कियारा."

मी ते आक्काला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "हे तं साबनाचं नाव वाटते."

"मग तू आत्ताच सांगून टाक ना तुझं नाव. मी कळवतो त्याला."

"पाह्यल्याबिगर? नाव चेहऱ्यावर बसते का नाई, ते पाहा लागते बाबू. फोटूवर तं मी म्हशीचंबी नाव ठेवलं नाई आजवर."

मोबाईलची रेंज आमच्या गल्लीत बोलण्यापुरती असते, चेहरा दिसण्यापुरती नसते. केळापूरला आक्काच्या घरी तर बोलण्यापुरतीही नसते, बोलायला तिला वावराच्या बांधावर जावं लागतं. म्हणजे आक्काला आमच्याकडे यावं लागणार होतं, आणि सगळं त्या डब्यावर येऊन ठेपलं होतं.

मी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. एक दाबा, तीन दाबा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं बराच वेळ महत्त्वाचं वाटून घेतल्यावर एक मुलगी बोलायला लागली.

"सर, आपल्या परिसराचं तापमान किती आहे?"

"सेहेचाळीस," मी जरा अभिमानानंच म्हणालो. आमच्याकडे हा आकडा लोक अभिमानानंच सांगतात.

"सर, आपलं उपकरण शून्य ते चाळीस अंशांसाठी बनवलेलं आहे."

"मग पांढरकवडा कुठं हलवू?"

"मी आपली तक्रार नोंदवते सर."

थोड्याच वेळात संदेश आला. तक्रार निकाली. कारण, ग्राहकाचे ठिकाण विहित मर्यादेबाहेर. सव्वीस वर्षं मी भूगोल शिकवतोय. अक्षांश, रेखांश, मान्सूनचे वारे, सगळं पोरांच्या डोक्यात कोंबलं, आणि माझं स्वतःचं गाव मर्यादेबाहेर आहे हे मला एका अनोळखी मुलीकडून कळावं! त्या दिवशी मी जेवलो नाही. प्रेरणाला, म्हणजे माझ्या बायकोला, वाटलं उन्हानं भूक मेली असेल, म्हणून तिनं कैरीचं पन्हं दिलं. ते प्यालो.

त्या मुलीनं एक गोष्ट मात्र सांगितली होती. या डब्याचं नवीन फर्मवेअर आलंय, ते टाकलं की डबा कमी तापेल. फर्मवेअर म्हणजे, मी समजलो त्याप्रमाणे, डब्याच्या आतली अक्कल. ती कंपनीकडून आपोआप येते, पण आमच्या भागाचा नंबर पुढच्या पंधरवड्यात होता. घाई असेल त्यानं स्वतः उतरवून घ्यावी. आता ती उतरवायची कधी? सकाळी दुरुस्तीसाठी विजेची लाईन बंद, आणि लाईन गेली की चौकातला कंपनीचा डबाही मरतो. संध्याकाळी अख्खी गल्ली आमच्या वायफायवर मालिका आणि क्रिकेट पाहत बसते, तेव्हा डबा दुपारपेक्षा जास्त तापतो. उरली दुपार. अक्कल आणायला डबा थंड पाहिजे आणि डबा थंड व्हायला अक्कल पाहिजे, असा पेच पडला.

"माठाखाली ठेवा," पुंडलिकराव म्हणाले. ते कालव्यावर ओव्हरसियर होते. निवृत्त झाले तरी गल्लीतलं सगळं पाणी आपल्या अखत्यारीत येतं असं ते धरून चालतात. "माठाखालच्या ओल्या रेतीवर ठेवा, बर्फ होते का नाई पाहा. थंडाव्याचं मले शिकवू नका सर, तीस वर्षं पान्यात काढली हो मी."

मी त्यांना काही शिकवत नव्हतो. पण सल्ला पटला. लांब वायर ओढून डबा स्वयंपाकघरात आणला आणि माठाच्या तिवईखाली रेतीवर ताटली ठेवून तिच्यात बसवला. खरंच निवला हो! दिवा हिरवा झाला आणि फाईल लॅपटॉपवर उतरायला लागली. मी ताटलीपाशी मांडी घालून बसलो, पुंडलिकराव खुर्ची घेऊन बसले. फाईल पूर्ण उतरली आणि आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो, तेवढ्यात माठानं पाझरून पाझरून जमवलेला एक मोठा थेंब डब्याच्या जाळीत पडला. त्याच्यामागून दुसरा. माठ पाझरतो म्हणूनच रेती ओली असते, ही गोष्ट कालव्यावर तीस वर्षं काढलेल्या माणसालाही सुचली नव्हती आणि मलाही नाही. डबा विझला.

"तांदळात पुरून ठेवा आता," पुंडलिकराव उठता उठता म्हणाले. प्रेरणानं तांदूळ द्यायला नकार दिला. तांदूळ विकतचा, तूर आक्काच्या वावरातली, म्हणून डबा तुरीच्या कोठीत गेला. दुसऱ्या दिवशी काढला तेव्हा तो सुरू झाला, ही आक्काच्या तुरीची पुण्याई. फक्त जाळीतून काही दाणे आत गेले होते आणि डबा हलवला की खुळखुळ्यासारखा वाजत होता. "आता बारशाले पाठवून द्या त्यालेच," प्रेरणा म्हणाली. मला हसू आलं नाही.

पुढचा सल्ला इकबालभाईंचा. हायवेवर त्यांचं ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करायचं दुकान आहे. नागपूर-हैद्राबाद रस्त्यावरचे निम्मे तापलेले ट्रक त्यांच्या दारात उभे असतात, त्यामुळे तापलेल्या वस्तूबद्दल त्यांचं मत मला दगडावरची रेघ वाटलं.

"सर, पानी-बिनी मत लगाव," ते म्हणाले. "हवा पायजे तिले. इंजन काहून गरम होते? हवा भेटत नाई म्हनून. रुका, आलो मी."

आले ते ट्रकच्या केबिनमधला पंखा आणि ट्रकचीच बॅटरी घेऊन. डबा स्टुलावर, त्याच्यासमोर पंखा, पंख्याखाली बॅटरी. पंखा सुरू झाला तेव्हा बैठकीत बोललेलं ऐकू येईना आणि भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट निघून दिवाणाखाली गेलं. पण डबा थंड! इतका थंड, की इकबालभाईंनी त्यावर गाल टेकवून दाखवला.

मी लॅपटॉपवर डब्याचं आतलं पान उघडलं, फाईल निवडली आणि बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं आली. प्रक्रिया सुरू असताना वीजपुरवठा खंडित होऊ देऊ नये, अन्यथा उपकरण कायमचे निकामी होईल. त्याखाली एक पट्टी गोगलगाईसारखी पुढे सरकत होती. माझ्या तळहातांना घाम सुटला. बोर्डाच्या परीक्षेत केंद्रप्रमुख होतो तेव्हाही इतका सुटला नव्हता.

पट्टी अर्ध्यावर गेली आणि दार उघडून आक्का आत आली. केळापूरहून एसटीनं, डोक्यावर पदर, हातात पिशवी, तोंड उन्हानं लाल. "काय व माय, किती गरम होऊन राह्यलं," असं म्हणत तिनं कोणाकडे न पाहता भिंतीवरचं बटण दाबलं आणि कूलर सुरू केला. आमच्या घरात कूलर सुरू झाला की दिवे एकदा मान टाकतात. ट्यूबलाईट फडफडली, पट्टी थांबली.

"आक्का!" मी ओरडलो.

"काय झालं? मेलं का कोनी?"

कोणी मेलं नव्हतं. पट्टी तशीच उभी होती. इकबालभाईंनी काहीतरी पुटपुटत डोळे मिटले. मी कूलर बंद करायला उठलो तर ते ओरडले, "नको नको, बटन को हात मत लगाव! फिरून झटका बसंन!" मी हात वर करून तसाच उभा राहिलो. आक्का पिशवी हातात धरून उभी. ट्यूब हळूहळू सावरली, आणि मग पट्टी निघाली, सावकाश, अगदी शेवटपर्यंत. डबा बंद झाला, परत सुरू झाला, हिरवा झाला. इकबालभाईंनी मला मिठी मारली. आक्का म्हणाली, "पानी द्या कोनी तरी."

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा अजिबात तापला नाही. पंखा नव्हता, कूलर नव्हता, तरी हात लावला तर गार. मी सगळ्या गल्लीला बोलावून त्याला हात लावायला लावला. तेवढ्यात पुंडलिकराव आले. "थंड हाय ते खरं, पन चालून कुठं राह्यला तो?"

पाहिलं तर वायफाय बंद. ग्राहक सेवेला विचारलं तेव्हा खुलासा झाला. नवी अक्कल अशी, की गरम व्हायची चिन्हं दिसली की डबा आपणहून विश्रांती घेतो. म्हणजे आधी तो तापून बंद पडे, आता तापू नये म्हणून बंद पडत होता. सरकारी खात्यात काही मंडळी या पद्धतीनं पेन्शनीपर्यंत पोचलेली मी पाहिली आहेत, पण डब्यात हे कौशल्य येईल असं वाटलं नव्हतं.

"याच्यावर सुधारित आवृत्ती आली आहे सर," ग्राहक सेवेचा मुलगा म्हणाला. "त्यात विश्रांती काढून टाकली आहे."

तोवर शनिवार उजाडला होता. आक्का दिवाणावर बसून बाळासाठी शिवलेल्या झबल्याला बटणं लावत होती. ते झबलं पाठवायचं कसं हे कोणी विचारत नव्हतं. मधूनच ती डब्याकडे पाही. "होईन ना रे?" तिनं एकदाच विचारलं. मी म्हणालो, "होईल," आणि माझ्याच आवाजाची मला भीती वाटली. कारण नाही झालं तर दोष डब्याला कोणी देणार नव्हतं. तिच्या हातावर वाढलेल्या पोराच्या लेकीचं नाव कोण्या परक्या यादीतून येणार होतं, आणि ते माझ्या घरात बसून.

सुधारित आवृत्ती टाकली. या वेळी पंखा सुरू, कूलर आधीपासून सुरू, आणि आक्काला कोणत्याही बटणाला हात न लावण्याची शपथ घातलेली. पट्टी शेवटपर्यंत गेली. डबा हिरवा. आणि वायफायच्या यादीतून 'ढुमणे सदन' नाहीसं झालेलं! त्याच्या जागी कुठलेतरी आकडे आणि इंग्रजी अक्षरं. नवीन अक्कल घेताना डबा जुनं सगळं विसरला होता. माझं नाव, माझा पासवर्ड, आणि मुख्य म्हणजे कंपनीच्या दारात शिरायला लागणारा खातेदाराचा क्रमांक आणि त्याचा परवलीचा शब्द. ते फक्त कंपनीला ठाऊक, आणि कंपनीचं ऑफिस शनिवार-रविवार बंद.

फाटकाबाहेर माणसं जमायला लागली. सहा घरांचं वायफाय एकदम गेलं होतं. "सर, माहा सामना सुरू हाय." "सर, पोरीचा फॉर्म भरून राह्यलो ना जी." माझ्याच वायफायसाठी मी माझ्याच फाटकात उभा राहून लोकांची क्षमा मागितली. एकाने तर "बिल टायमावर भरत नाई का तुमी?" असंही विचारलं. हे मी विसरणार नाही. तो कोण ते मी लिहीत नाही, कारण त्याची बायको आम्हाला सांडगे देते.

परवलीचा शब्द ठाऊक असलेला दुसरा माणूस म्हणजे पूनमसिंग, ज्यानं कनेक्शन जोडलं होतं. त्याचा फोन उचलत नव्हता. इकबालभाईंना कळलं, की तो लखीराम नाईकांच्या घरच्या लग्नाला तांड्यावर गेलाय. मी त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसलो. दुपारचं ऊन, तोंडाला उपरणं, आणि दोन्ही बाजूंना पानं झडलेलं सागाचं रान. माझ्या हुद्द्याच्या माणसानं पासवर्डासाठी तांड्यावर जावं का, असा प्रश्न वाटेत मनात आला, पण वारा इतका गरम होता की तो तिथंच विरला.

पूनमसिंग डीजेसमोर नाचत होता. मी हात हलवला, त्यालाही वाटलं मी नाचायला आलोय. त्यानं मला ओढून मधे घेतलं. दोन फेऱ्या नाचल्यावर कुठं मला त्याच्या कानात ओरडता आलं.

"डबा कायले छेडला सर?" तो म्हणाला. "पहिले जेवन करा. जेवल्याबिगर जाऊ देत नाई नाईक." आम्ही जेवलो. हात धुताना त्यानं तो शब्द सांगितला. तो इतका सोपा होता की मी दोनदा विचारला.

"सगळ्याइचा तोच हाय सर," पूनमसिंग म्हणाला. "आमी कायले येगयेगळा ठेवाव?"

रविवार. डबा हिरवा. गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन मी हात जोडले, "चार ते पाच वायफाय बंद ठेवा, बारसं आहे." सगळ्यांनी कबूल केलं आणि दिलेला शब्द पाळला. पण त्यांनी दुसरं एक केलं, जे आमच्याकडे कोणीही करेल. बारसं आहे म्हटल्यावर ते बारशाला आले. बायका नटून, झबली-टोपरी घेऊन. शमसुन्निसा भाभी, इकबालभाईंच्या बेगम, शिरखुर्म्याचं भांडं घेऊन. बैठकीत पाय ठेवायला जागा नाही. कूलर डब्याकडे होता तो पाहुण्यांकडे फिरवला गेला. आणि प्रत्येकाच्या खिशात, कमरेत, पाकिटात एकेक मोबाईल, जो घरात शिरताच आपली जुनी ओळख समजून आमच्या वायफायला जाऊन चिकटला. कारण 'ढुमणे सदन' हे नाव आणि तोच जुना पासवर्ड मी मोठ्या हौसेनं परत टाकला होता.

डब्याचा दिवा नारिंगी झाला.

"मोबाईल!" मी किंचाळलो. "सगळ्यांचे मोबाईल बंद करा! इकडे टाका!" प्रेरणानं पितळेची परात आणली. लोकांनी मोबाईल बंद करून परातीत टाकले, पुंडलिकरावांनी शेवटी, आणि तेही माझ्याकडे रागानं पाहत. इकबालभाईंनी केबिनचा पंखा सुरू केला. दिवा थोडा वेळ नारिंगी राहिला, मग परत हिरवा. घड्याळात चार.

फोन लागला. पडद्यावर आधी नयनचं कपाळ, मग छत, मग पाळणा, आणि मग ती. झोपलेली नव्हती. टक्क उघडे डोळे, मुठी वळलेल्या. आक्कानं फोन माझ्या हातातून घेतला आणि दोन्ही हातांनी धरला.

"आक्का, नाव सांग," मी म्हणालो.

आक्का पाहत होती.

"आक्का, दिवा पाह्य! नारिंगी होऊन राह्यला!"

"थांब ना बे. पाहू दे."

तिनं पाहिलं. मी डब्याकडे पाहत होतो, इकबालभाई डब्याकडे पाहत होते, पंखा घरघरत होता, आणि आक्का एका लेकराकडे पाहत होती, जणू तिच्याजवळ अख्खी दुपार आहे. मला तिचा राग आला. खरंच आला. मग ती म्हणाली, "नयन, आवाज सगळ्याइले ऐकू नको देऊ. पोरीच्या कानाले लाव फोन. पहिले तिनं ऐका लागते."

तिकडे पडद्यावर अंधार झाला, म्हणजे फोन कानाशी गेला. आक्का तोंडाशी हात धरून वाकली. "कुर्र्र" एवढं आम्हाला ऐकू आलं, पुढचं पंख्यात गेलं. आत्यानं कुर्र केलं की तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. बायका टपूनच बसल्या होत्या. चारी बाजूंनी धपाटे बसले, आक्का हसत वाकली, आणि डब्याचा दिवा लाल झाला. पडदा थिजला.

मग फोन वाजला. साधा फोन, बोलण्यापुरत्या रेंजवरचा. मी स्पीकर लावला.

"दादा, नाव कोणालाच ऐकू आलं नाही," नयन म्हणाला. "फोन तिच्या कानाशी होता. फक्त तिनंच ऐकलं. काय ठेवलं, आक्का?"

आक्कानं तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. वावराच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावरच्या गड्याला हाक मारणारी बाई, तिचा आवाज बसलेला मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. तिनं परत प्रयत्न केला. ओठ नुसते हलले.

"हॅलो? आक्का?"

तिनं माझा कान धरला, लहानपणी धरायची तसाच, आणि तोंडाजवळ ओढला.

"उर्वशी," ती म्हणाली. "माह्या पोरीसाठी ठेवलं होतं. आता ठेवून काय करू?"

माझ्या डोळ्यांसमोर तिनं नावं ठेवलेली सगळी पोरं उभी राहिली, माझी सुरभीसुद्धा. प्रत्येक बारशाला ती इतकं छान नाव घेऊन यायची की आम्ही म्हणायचो, आक्काला नावं सुचतात बुवा. आणि प्रत्येक वेळी हे एक ती मागं ठेवत आली होती.

"दादा, आहेस ना?"

"आहे," मी म्हणालो. "थांब." मग काय म्हणायचं ते सुचेना, म्हणून जे म्हणतात तेच म्हणालो. "कुर्र्र." आणि नाव सांगितलं.

पलीकडे नयन कोणाला तरी ते नाव हळूच म्हणून दाखवत होता, एकदा, परत एकदा. मग त्याची बायको ते म्हणाली. आणि इकडे, मी कुर्र म्हटलेलं ऐकून, गल्लीतल्या बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. भूगोलाचा मास्तर पन्नाशी उलटल्यावर आत्या झाला. शमसुन्निसा भाभींचा हात जड आहे. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते पुसत नव्हतो.

"हळू मारा व," आक्का म्हणाली. तिचा आवाज परत आला होता. "नाजूक हाय तो." आणि तिनंही एक घातला.